अमावस्येचं पान

आमच्या आगाशीच्या घरात आम्ही चौघं राहत होतो आणि पाचवा प्रशियाचा एक जनरल. बाबा, आई, मथुआत्या, मी आणि तो. तो कधीच मरून गेलेला होता आणि जिवंतपणी त्यानं आगाशीचं नावही ऐकलं नसणार, पण घरात त्याचं काही अडत नव्हतं. सकाळचा चहा पिताना बाबा म्हणायचे, "आज जनरलला सैनिकी शाळेतून बाहेर काढायचाय." आई म्हणायची, "काढा, पण आधी विहिरीत पडलेली बादली काढा." बाबा बादली काढायचे. मग संध्याकाळी शाळेतून येऊन, हातपाय धुऊन, ओटीवर बैठक मारून जनरललाही काढायचे. मी समोर लांब वही घेऊन बसलेली असे. बाबा इंग्रजी वाचत, मनाशी पुटपुटत, मराठीत सांगत आणि मी लिहीत असे. माझं अक्षर त्यांच्यापेक्षा बरं होतं, हे त्यांनी जाहीरपणे मान्य केलेलं होतं. माझ्या बाजूनं त्यांनी मान्य केलेली ती बहुधा एकमेव गोष्ट.

पुस्तक आमच्याकडे जिऱ्यातून आलं. आईनं मला बाजारात जिरं आणायला पाठवलं होतं. जेठाशेठनं पुडी बांधून दिली. आईनं घरी जिरं डब्यात ओतलं आणि कागद चुलीत सारणार, तेवढ्यात बाबांची नजर गेली. कागदावर घोड्यावर बसलेल्या, समशेर उगारलेल्या माणसाचं चित्र होतं आणि खाली बारीक इंग्रजी मजकूर. बाबा शाळेत इतिहास शिकवत. त्यांनी तो मजकूर उभ्या उभ्या वाचला आणि पायात चपला न घालता बाजाराकडे निघाले. मी मागून पळाले. जेठाशेठकडे एका बंगल्यातली रद्दी आली होती आणि त्यात हे जाडजूड पुस्तक होतं. जेठाशेठची पद्धत अशी, की पुस्तक मागून फाडायचं, म्हणजे पुढच्या पुठ्ठ्याचा आधार शेवटपर्यंत राहतो आणि कागद ताठ निघतो. त्यामुळे जनरलचा जन्म शाबूत होता, शाळा शाबूत होती, लग्न, बढत्या, वरिष्ठांशी भांडणं, डेन्मार्कची आणि ऑस्ट्रियाची लढाई, सगळं शाबूत होतं. फ्रान्सच्या लढाईत मात्र ऐन चढाईत तो गव्हाच्या शेतातून घोडा फेकत जातो, धूर होतो, तो वळून मागे बघतो, आणि जिऱ्याची पुडी संपते. त्यापुढचा जनरल गेल्या आठवड्याभरात हळद, मोहरी आणि सुंठ होऊन गावभर गेला होता.

पुढचे आठ दिवस बाबा घरोघर फिरले. "वहिनी, जेठाशेठकडची पुडी शिल्लक आहे का हो? आतलं नको, वरचा कागद हवा." मास्तरांचं डोकं फिरलं असं काहींना वाटलं, पण मास्तरांना तोंडावर कोण बोलणार? शेवटी दोन कागद मिळाले. एक देवळाच्या पुजाऱ्याकडे कापराभोवती होता, दुसरा एका घरी हिंगाच्या वासासकट. दोन्ही पुस्तकाच्या अगदी मागच्या सूचीतले निघाले. त्यात जनरलच्या नावाखाली ओळीनं लिहिलेलं होतं: जन्म, अमुक पृष्ठ, विवाह, अमुक पृष्ठ, घोड्यांविषयीची मतं, पृष्ठ अमुक ते अमुक, आणि मृत्यू, पृष्ठ तीनशे एक्क्याण्णव. तेव्हा जनरल कोणत्या पृष्ठावर मेला हे आम्हाला पक्कं ठाऊक होतं. कधी, कुठे आणि कसा, ते मात्र नाही. आई हसून हसून बेजार झाली. बाबा हसले नाहीत.

बाबांनी वहीभर त्याला नुसतं 'जनरल' म्हटलं आहे. जर्मन नावाचा उच्चार नक्की माहीत नसताना देवनागरीत काहीतरी ठोकून देणं त्यांना लबाडी वाटे. परवा माझा नातू म्हणाला, "आजी, स्पेलिंग सांग ना, दोन मिनिटांत फोटोसकट काढून देतो." मी सांगितलं नाही. आमच्या घरातल्या माणसाचा फोटो मला मोबाइलवर बघायचा नाही. त्याला वाटलं आजी विसरली. वाटू दे.

आता मथुआत्याविषयी. ती बाबांची थोरली बहीण. अंगानं काटक, आवाजानं खणखणीत, आणि सुकेळी करण्यात तिचा हात गावात कुणी धरत नसे. राजेळी केळी नीट पिकवायची, सोलायची आणि ऊन खात खात मऊ, तपकिरी, मधासारखी होईपर्यंत रोज उलटत राहायचं. ही सगळी कामं ती आईलाही करू देत नसे. अंगणात केळी वाळत असली की घरभर तो गोड, जरासा आंबूस वास असे, आणि मी वही लिहिताना मधेच उठून एखादं पळवत असे. आत्याला ते दिसे आणि ती ओरडे, पण ओरडण्याआधी मला एक तोंडात टाकायला वेळ देई.

आत्याचे यजमान, हरिभाऊ, विरार स्टेशन ते आगाशी टांगा चालवायचे. मी त्यांना पाहिलेलं नाही. महायुद्ध सुरू असताना जनावरांची जाण असलेली माणसं पलटणीला हवी होती, म्हणून ते भरती झाले आणि खेचरांच्या तुकडीबरोबर पूर्वेकडे, ब्रह्मदेशाच्या जंगलात गेले. काही पत्रं आली. मग सरकारचं एक आलं, त्यात ते बेपत्ता आहेत असं लिहिलेलं होतं. मेले असं नाही, सापडत नाहीत असं. आत्या माहेरी आली आणि राहिली. कपाळावर कुंकू ठसठशीत, गळ्यात मंगळसूत्र, हातात हिरव्या बांगड्या. गावात काही बायका तिला हळदीकुंकवाला बोलवत आणि काही मुद्दाम विसरत. ती दोन्ही प्रकारच्या बायकांकडे सारख्याच ताठपणे बघत असे. बारा वर्षं पुरी झाल्यावर विनायकभटजींनी बाबांना बाजूला घेऊन सांगितलं होतं, की बेपत्ता माणसासाठी शास्त्रात विधी आहे, पळसाच्या पानांचा पुतळा करून अग्नी देतात, मग श्राद्ध सुरू करता येतं. आत्यानं ते आतून ऐकलं आणि तिथूनच म्हणाली, "कुनी पाह्यलंय काय मेलेले? ज्यानं पाह्यलं त्याला आना, मग जाला पानं." तो विषय तिथेच संपला. पण दरवर्षी सर्वपित्री अमावस्येला, आजोबा-आजींची पानं वाढून झाली की भटजी हळूच विचारत, "दामोदरपंत, आणखी कुणाचं?" आणि त्यांची नजर स्वयंपाकघराच्या दाराकडे जाई. बाबा म्हणत, "नाही." एवढंच. मी लहान होते तरी त्या प्रश्नाच्या वेळी आत भांडं वाजायचं थांबतं, हे माझ्या लक्षात आलेलं होतं.

जनरल आला आणि आत्याला काम मिळालं. बाबा उभ्या आयुष्यात घोड्यावर बसले नव्हते. सायकलवरून उतरतानासुद्धा ते एक हात भिंतीला टेकत. अशा माणसानं घोडदळाच्या सेनापतीचं चरित्र मराठीत आणायचं म्हणजे पंचाईतच. ते सांगायचे, "लिही, घोड्याच्या तोंडाला बांधायची धान्याची पिशवी..." आणि अंगणातून आत्या केळं उलटता उलटता ओरडायची, "तोबरा म्हन की!" बाबा म्हणत, "हो, तोबरा. खोड ते आणि तोबरा लिही." असाच घोड्याचं अंग घासायचा खरारा आला, खोगिराचा पट्टा म्हणजे तंग आला, पाय ठेवायची रिकीब आली. हळूहळू आत्या ओटीच्या पायरीवर येऊन बसू लागली. पुढे तर बाबा तिच्यासाठी थांबू लागले. जनरलनं आपल्या पथकात एक नियम घातला होता, की स्वाराने आधी घोड्याला पाणी पाजायचं, मग स्वतः प्यायचं. हे वाचल्यावर आत्या म्हणाली, "मानूस बरा व्हता." त्या दिवसापासून जनरल घरचा झाला. त्याची बायको गावाकडे रेताड शेती सांभाळत असे, तो वर्षावर्षानं घरी येई, आणि तिचा धाकटा दीर तिला फार छळे. आत्या आणि आई दोघी मिळून त्या दिराला शिव्या घालत.

एकदा एक प्रसंग आला. ऑस्ट्रियाच्या लढाईत जनरल घोड्यावरून पडतो आणि मागचं अख्खं पथक त्याच्या अंगावरून निघून जातं, तरी तो जिवंत राहतो. बाबांनी पुस्तक मिटलं. "हे मला पटत नाही. लेखकानं तिखटमीठ लावलंय." आत्या म्हणाली, "का नाय पटत? घोडा पडलेल्या मानसावर पाय देत नाय, दामू. जागा मिलाली तर वरून उडी टाकतो, नाय तर बाजूनं जातो. ह्यांनी सांगितलेलं हाय मना." मग म्हणाली, "खेचर देतं काय पाय, ते नाय सांगितलं." बाबांनी माझ्याकडे बघितलं आणि खुणेनं वही मिटायला सांगितली. त्या दिवशी पुढचं लिहिलं नाही.

त्याच वर्षी पितृपक्षात आत्यानं गंमत काढली. निदान आम्हाला ती तेव्हा गंमत वाटली. ती म्हणाली, "दामू, तुज्या जनरलची तिथ कुनाला ठाव हाय?"

"कुणाला ठाऊक असणार? तीनशे एक्क्याण्णव पृष्ठ हवं."

"मग ज्याची तिथ ठाव नाय त्याला अमावस्येला घालतात ना? घाल त्याला पान."

बाबा उडालेच. "अगं ताई, तो प्रशियाचा! आपल्यातला नाही, गोत्रातला नाही, ख्रिश्चन माणूस तो."

"दोन वर्सं तुज्या ओटीवर जेवतोय. अजून कसला गोत्रातला?"

बाबांनी विनायकभटजींना विचारलं. भटजींनी बराच विचार करून सांगितलं, की ज्यांचं कुणी नाही त्यांच्यासाठी धर्मपिंड असतो, त्यात कुणीही बसतं. तरी बाबांचं समाधान होईना, म्हणून त्यांनी सांडोरच्या इनास सरांना विचारलं. इनास सर त्यांच्याच शाळेत गणित शिकवायचे आणि सायकलच्या हँडलला पिशवी अडकवून वाडीतली वांगी-मुळे सगळ्या मास्तरांना वाटायचे. ते म्हणाले, "अरे मास्तर, आमच्यात पण नोव्हेंबरात चर्चमध्ये मेलेल्यांसाठी मिस्सा असते, प्रार्थना. तू त्याला जेवायला घालतोयस ना? मग विचारतो काय? भाताबरोबर वडे असतील तर मलाही बोलव." झालं. त्या अमावस्येला भटजींनी नेहमीप्रमाणे विचारलं, "आणखी कुणाचं?" आणि बाबा घसा साफ करून म्हणाले, "एक पान जनरलचं." तेव्हा आतलं भांडं वाजायचं थांबलं नाही. उलट आत्या स्वतः बाहेर आली आणि त्या पानावर खीर वाढून गेली. गावात बातमी पसरायला अर्धा दिवस पुरला. मास्तरांकडे विलायती जनरल जेवायला येतो म्हणून मुलं आमच्या कुंपणापाशी डोकावून गेली. पुढच्या वर्षीही पान वाढलं, त्याच्या पुढच्या वर्षीही. भटजींचा तो अवघड प्रश्न सोपा झाला आणि सगळ्यांनाच हायसं वाटलं. मला आज वाटतं, आत्यालाही तेच हवं होतं. आजोबा-आजींच्या पानांनंतर जी मोकळी जागा उरायची तिच्यात कुणीतरी बसलेलं तिला हवं होतं.

दरम्यान भाषांतर जिऱ्याच्या पुडीपाशी येऊन थांबलं. बाबांनी सगळी वही पुन्हा तपासली, शब्द बदलले, मग परत मूळचे घातले. आणि गप्प बसले. मी तेव्हा चौदा वर्षांची होते आणि मला ते सहन होईना. एका रविवारी बाबा बाहेर गेलेले असताना मी वहीच्या मागच्या कोऱ्या पानांवर शेवट लिहून काढला. धुरात जनरल वाट चुकतो, त्याला विस्मरण होतं, एक शेतकरी त्याला सांभाळतो, आणि कितीतरी वर्षांनी तो त्याच घोड्यावर बसून आपल्या गावी येतो. बायको शेतात असते. ती आधी घोडा ओळखते. एवढी वर्षं घोडा जगला कसा, हे मला तेव्हा सुचलं नव्हतं. माझी मीच खूश होऊन मी ते आत्याला वाचून दाखवलं. ती राजेळी सोलत होती. सोलता सोलता तिचे हात थांबले. वाचून झाल्यावर ती म्हणाली, "खोटं हाय ना?"

मी मान खाली घातली. "हो."

"पन परत वाच."

मी परत वाचलं. आत्यानं पदर डोळ्यांना लावला नाही. ती फक्त घोडा ओळखण्याच्या ओळीला "हां" म्हणाली, कुणी वाट सांगत असताना आपण म्हणतो तसं. मला तेव्हा भीती वाटली, इतकी की मी वही मिटून तिच्या मांडीवर डोकं ठेवलं. आपण काहीतरी वाईट केलं आहे हे कळत होतं, काय ते कळत नव्हतं. चार दिवसांनी बाबांना ती पानं सापडली. ते माझ्यावर कधी ओरडत नसत, तेव्हा ओरडले. "जे ठाऊक नाही ते लिहायचं नाही! इतिहास आहे तो, तुझी गोष्ट नाही!" आणि त्यांनी ती पानं टराटरा फाडली. आत्या दारात उभी होती. ती म्हणाली, "पोरीवर कशाला आवाज चढवतोस? ठाऊक नाय तर ठाऊक करून घे ना. इतकी वर्सं बसलायस. कुनाला तरी इचार. मना बी कलायला पायजे तो कसा गेला." बाबांनी त्याच संध्याकाळी अरविंदला पत्र लिहिलं.

अरविंद हा बाबांचा जुना विद्यार्थी, मुंबईत एका मोठ्या ग्रंथालयात कारकून होता. तिथे ते पुस्तक निघालं, पण बाहेर न्यायची परवानगी नव्हती. मग तो रोज जेवणाच्या सुट्टीत बसून शेवटचं प्रकरण हातानं उतरवू लागला. पावसाळा ओसरला, भाद्रपद आला, पितृपक्ष बसला, आणि अमावस्येला चार दिवस असताना एका संध्याकाळी अरविंद फुलस्केप कागदांची गुंडाळी घेऊन आमच्या दारात उभा राहिला. आईनं त्याला पोहे दिले, सुकेळी दिली, परत जाताना अळूची जुडी दिली. बाबांनी त्याला मिठी मारली, तो बिचारा लाजून लाल झाला. त्यांनी कागद उघडले नाहीत. अरविंद गेल्यावर त्यांनी हाक मारली, "ताई, ये." आत्या पायरीवर येऊन बसली. मी वही घेतली नाही, कारण बाबांनी सांगितलं नव्हतं. ते एकेक वाक्य आधी मनात वाचत आणि मग मराठीत सांगत.

जनरल गव्हाच्या शेतात मेला नव्हता. कमरेत गोळी घेऊन तो परत आला होता. धुरात मागे वळून बघितलं ते आपली माणसं किती उरली ते मोजायला, आणि निम्मी उरली नव्हती. त्यानंतर तो लढाईवर फारसा बोलला नाही. काही वर्षांनी वरच्यांशी भांडून त्यानं नोकरी सोडली आणि गावी जाऊन घोडे वाढवले, बटाटे लावले, नातवंडांना घोड्यावर बसायला शिकवलं. खूप जगला. एका हिवाळ्यात तबेल्यात रात्रभर एका आजारी घोडीजवळ बसला, त्याला थंडी बाधली आणि पाच दिवसांत तो गेला. शेवटी तारीख होती.

"पडशानं गेला?" आत्यानं विचारलं.

"जवळजवळ."

"एवढ्या लढाया करून?" ती हसली. मग तिनं विचारलं, "बायको जवल व्हती?"

बाबांनी कागद पुन्हा बघितला. "होती. हात धरून बसली होती, असं लिहिलंय."

अंगणातली केळी आत घ्यायची वेळ झाली होती, पण कुणी उठलं नाही. मग आत्या म्हणाली, "बरं झालं. तिला तरी कललं." आणि बाबा, शहाणे, शिकलेले, सगळ्या गावाला इतिहास सांगणारे माझे बाबा, आनंदाच्या भरात म्हणाले, "तारीख मिळाली, आता भटजींकडून तिथी काढून घेतो. म्हणजे यंदा अमावस्येला जनरलचं पान नको. त्याची स्वतःची तिथी झाली!" बोलून गेल्यावर त्यांना कळलं. त्यांचा चेहरा पडला. आत्या म्हणाली, "नको ना. हक्काची तिथ मिलाली त्याला. आता अमावस्येला कशाला?" आणि ती केळी गोळा करायला उठली. मी तिच्या मागे गेले. तिनं मला एकही केळं खायला वेळ दिला नाही, की ओरडलीही नाही.

ते चार दिवस आई तिच्या आजूबाजूला उगीचच घोटाळत होती. आत्या नेहमीसारखी कामं करत होती. अमावस्येच्या सकाळी ती वाडीत गेली आणि पानं कापून आणली. आईनं ती मोजली आणि मला हळूच म्हणाली, "शालू, एक जास्त आहे." आम्हाला वाटलं सवयीनं कापलं असेल. स्वयंपाक झाला: वडे, खीर, लाल भोपळा, गवार, अळू, आमसुलाची चटणी. विनायकभटजी आले. आजोबांचं पान वाढलं, आजीचं वाढलं. भटजींना जनरलची तिथी काढून दिल्याचं आठवत होतं, म्हणून ते या वेळी चाचरत, जमिनीकडे बघत म्हणाले, "आणखी कुणाचं?" बाबांना 'नाही' म्हणायचीही हिंमत होईना. आत भांडं वाजत नव्हतं.

आत्या पान घेऊन बाहेर आली. तिनं ते आजीच्या पानाशेजारी मांडलं, पुसलं आणि म्हणाली, "हरी गोविंद." तिच्या तोंडून ते नाव आम्ही कुणी कधी ऐकलं नव्हतं. बायका नवऱ्याचं नाव घेत नसत. पण भटजींना नाव लागतं आणि ते दुसऱ्या कुणी सांगावं हे तिला मान्य नव्हतं. "हरी गोविंद," ती पुन्हा म्हणाली, या वेळी अधिक मोठ्यानं. "तिथ ठाव नाय."

भटजी म्हणजे नियमाला पक्के माणूस. आधी तो पळसाचा विधी व्हायला हवा होता, हे त्यांना सगळ्यांत जास्त ठाऊक. पण ते म्हणाले, "विधीचं नंतर बघू. दामोदरपंत, दर्भ घ्या हातात." आणि त्यांनी मंत्र सुरू केले. आत्यानं त्या पानावर स्वतः वाढलं. भात दोनदा वाढला. हरिभाऊ किती जेवत ते तिलाच माहीत.

सगळं झाल्यावर ती विहिरीवर गेली, तोंड धुतलं आणि आली तेव्हा कपाळ मोकळं होतं. आईला हुंदका फुटला. आत्या म्हणाली, "रडू नको गो. मना हलकं वाटतं. खरंच सांगते, हलकं वाटतं." मला मात्र राग आला होता आणि पुढे कितीतरी वर्षं येत राहिला. माझे यजमान गेले तेव्हा मी टिकली काढली नाही, अजून लावते, आणि लावताना दर वेळी मनात आत्याशी भांडते. पण खरं सांगायचं तर तिनं कुणाच्या सांगण्यावरून काहीच पुसलं नव्हतं. लावलेलंही कुणाच्या सांगण्यावरून नव्हतं.

जेवणं उरकायला दोन वाजले. आत्या ओटीवर चटई टाकून आडवी झाली आणि बघता बघता घोरायला लागली. मला आश्चर्य वाटलं. मी आईला म्हटलं, "आत्या दुपारची झोपली?" तेव्हा आईनं मला स्वयंपाकघरात नेलं आणि सांगितलं, की आत्या या घरात आल्यापासून एकही दुपार झोपलेली नाही, कारण टपाल दुपारी येतं. दारात कुठलं तरी काम काढून ती पोस्टमन पुढे जाईपर्यंत बसते. वीस वर्षं. आम्ही सगळे समजत होतो, तिला केळ्यांवरच्या कावळ्यांची काळजी.

तीनच्या सुमाराला पोस्टमनची सायकल फाटकाशी वाजली. तो "पोस्ट!" म्हणून ओरडणार, एवढ्यात आई धावत अंगणात गेली, ओठांवर बोट ठेवून तिनं त्याच्या हातून बाबांचं कार्ड घेतलं आणि त्याला पुढे पाठवलं. आत्या कूस बदलून झोपली. ती उठली तेव्हा उन्हं पार कलली होती. तिनं केस सारखे केले आणि आईकडे चहा मागितला. टपालाचं काही विचारलं नाही.